जुन्या मिनीचा विजेचा जमाखर्च

अंथरूण पाहून पाय पसरावे, हा उपदेश आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. आणि तो ऐकून न ऐकल्यासारखें करण्याची परंपराही तितकीच जुनी आहे. हा उपदेश पैशाइतकाच विजेलाही लागू पडतो, हें मात्र सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. घरांत चार दिवे अधिक लावले तर महिनाअखेरीस बिल वाढतें, इतकेंच. परंतु मोटारगाडी हें असें घर आहे कीं, त्याला बाहेरून कोणी वीज पुरवीत नाहीं. तिनें स्वतः मिळवावें आणि तेवढ्यांतच भागवावें. मिळकत न पाहतां खर्च वाढविला तर काय होतें, याचें एक उदाहरण आज वाचकांपुढें ठेवतों.

आमचा एक भाचा बरींच वर्षें इंग्लंडांत बर्मिंगहॅमनजीक राहतो. त्याच्यापाशीं १९६५ सालची एक मिनी आहे. सुएझच्या पेचप्रसंगानंतर पेट्रोलची चणचण भासूं लागली, तेव्हां अॅलेक इसिगोनिस यांनीं ही गाडी योजिली आणि ऑगस्ट १९५९ मध्यें ती बाजारांत आली. लांबी जेमतेम दहा फूट. इंजिन आडवें बसविलेलें. आंत चार माणसें सुखानें बसावीं अशी युक्ति. २००० साल उजाडेपर्यंत अशा ५३ लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. भाच्यानें ही गाडी मोठ्या प्रेमानें सांभाळली आहे. परंतु प्रेमाच्या माणसाला दागिने घालण्याची हौस कोणास नसते? त्यानें पुढें धुक्याचे दोन दिवे लावले, मागच्या कांचेवरील दंव घालविण्यासाठीं तापणारी कांच बसविली, आणि मुलीच्या आग्रहास्तव फोन भरून घेण्याची खोबणीही केली. वीज घेतली ती हाताला लागेल त्या जिवंत तारेवरून.

एका पावसाळी रात्रीं तो मुलीला घेऊन घरीं परतत होता. प्रथम दिवे मंदावले. मग समोरच्या फळीमागून जळका वास आला आणि पाठोपाठ धूर दिसूं लागला. त्यानें गाडी कडेला घेतली, मुलीला उतरवून दूर उभें केलें, आणि बॅटरीची तार सोडविण्यास मागें धांवला. मिनीची बॅटरी मागें, सामान ठेवण्याच्या जागेच्या तळाशीं असते. आणि पेट्रोलची टांकीही त्याच कप्प्यांत असते! तार सुटेपर्यंतचें तें अर्धें मिनिट आपण जन्मांत विसरणार नाहीं, असें तो म्हणतो. सुदैवानें जळल्या त्या ताराच. “मामा, गाडीला कसा दोष देऊं? हिशेब मीच पाहिला नव्हता,” हे त्याचे शब्द आम्हांस त्याच्या साऱ्या दुरुस्तीपेक्षां मोलाचे वाटले.

आतां तो हिशेबच पाहूं. त्या काळच्या मिनींत वीज उत्पन्न करण्याचें काम डायनामो करीत असे. त्याची मिळकत फार झाली तर २२ अँपियर, आणि तीही गाडी वेगांत असतां. चौकांत गाडी थांबली कीं डायनामोची कमाई जवळजवळ थांबते आणि तांबडा दिवा लुकलुकूं लागतो. आतां खर्च पाहा. पुढचे दोन मोठे दिवे प्रत्येकीं ५५ वॅटचे, म्हणजे १२ व्होल्टला सुमारें ९ अँपियर. बारीक दिवे २. कांच पुसणारी मोटार ३. उबेचा पंखा ४. इंजिनांत ठिणगी पाडणारी कॉइल ३. एकूण २१. पावसाळी रात्रीं मूळचा संसारच असा काटकसरीनें चालतो. शिल्लक एक अँपियर. त्यावर धुक्याच्या दिव्यांचे ९, तापत्या कांचेचे ७ आणि फोनचा १ मिळविला, कीं खर्च ३८ वर जातो. म्हणजे १६ अँपियरची तूट; ती बॅटरीच्या पुंजींतून भागवावयाची. बॅटरी ४० अँपियर-तासांची धरली तर कागदावरच ती अडीच तासांत रिकामी होते. प्रत्यक्षांत त्याच्या कितीतरी आधीं दिवे मलूल होतात.

पण तुटीनें दिवे मंदावतात. धूर निघत नाहीं. धुराचें कारण निराळें. तारेंत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. प्रवाह दुप्पट झाला कीं उष्णता चौपट होते. भाच्यानें धुक्याचे दिवे मोठ्या दिव्यांच्याच तारेला जोडले होते. त्यामुळें ११ अँपियर वाहणाऱ्या तारेवर २० चा भार पडला. त्यांतही मिनीच्या त्या काळच्या गाड्यांत फ्यूज दोनच, आणि मोठ्या दिव्यांच्या तारेवर तर एकही नाहीं. पहारेकरीच नसलेल्या वाटेनें चोर आला, यांत नवल तें कोणतें?

उपाय दोन, आणि दोन्ही एकत्र केले पाहिजेत: मिळकत वाढविणें व वांटप नीट करणें.

मिळकत वाढविण्यासाठीं डायनामोच्या जागीं अल्टरनेटर बसवितात. डायनामोमध्यें सगळा प्रवाह फिरत्या भागांतून बाहेर काढावा लागतो, म्हणून त्याला फार वेगानें फिरवितां येत नाहीं. अल्टरनेटरमध्यें मुख्य प्रवाह स्थिर वेटोळ्यांत निर्माण होतो; फिरत्या भागाला थोडासाच प्रवाह पुरतो. त्यामुळें तो वेगानें फिरवितां येतो आणि गाडी उभी असतांही कांहीं कमाई करतो. भाच्यानें ४५ अँपियरचा अल्टरनेटर घेतला. परंतु येथें एक मोठा खड्डा आहे. १९६९ पर्यंतच्या मिनींत बॅटरीचें धन टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेलें असे. अल्टरनेटर बहुधा ऋण टोक सांगाड्याला जोडण्याच्या पद्धतीचे असतात. हें न पाहतां जोडणी केली तर अल्टरनेटरमधील डायोड तत्क्षणीं जळून जातात. म्हणून आधीं बॅटरीचीं टोकें बदलावीं, कॉइलच्या दोन तारांची अदलाबदल करावी, आणि रेडिओ किंवा पंख्याची मोटार उलट प्रवाहाला चालेल कीं नाहीं हें पाहून घ्यावें. अल्टरनेटरपासून बॅटरीच्या मुख्य तारेपर्यंत नवी जाड तार टाकावी. जुनी तार २२ अँपियरच्या मिळकतीसाठीं होती, ४५ च्या नव्हे.

वांटपासाठीं रिले वापरतात. रिले म्हणजे आज्ञाधारक कारभारी. हातापाशीं असलेल्या बटणांतून त्याला केवळ सूचनेपुरता, पाव अँपियरहूनही कमी प्रवाह जातो. तो आपला दरवाजा उघडतो, आणि मोठा प्रवाह जवळच्या जाड तारेनें थेट दिव्यापर्यंत पोंचतो. जुन्या बटणांत व लांबच लांब तारांत विजेचा दाब वाटेंतच खर्ची पडत असतो. आंधळें दळतें आणि कुत्रें पीठ खातें, तशांतला हा प्रकार. दाब शेंकडा दहांनीं घटला कीं दिव्याचा प्रकाश शेंकडा तीसनें घटतो. रिले बसविल्यावर भाच्याचे तेच दिवे नव्यासारखे उजळले. प्रत्येक नव्या उपकरणाला स्वतंत्र फ्यूज दिला; तोही वीज जेथून घेतली तेथेंच, उपकरणाच्या टोकाशीं नव्हे. फ्यूज उपकरणाच्या रक्षणासाठीं असतो असा समज आहे. तो असतो तारेच्या रक्षणासाठीं. म्हणून तार सोसेल त्याहून मोठा फ्यूज कधींही घालूं नये. इंजिन व सांगाडा यांस जोडणारी विणलेली पट्टीही त्यानें बदलली. ही पट्टी गंजली कीं इंजिन चालू करण्याचा मोठा प्रवाह चोकच्या बारीक तारेंतून वाट काढतो आणि ती तार तापून निघते. ह्या सर्व कामास हात घालण्यापूर्वीं बॅटरीची सांगाड्याकडील तार प्रथम सोडवावी. म्हणजे पाना चुकून लोखंडाला लागला तरी ठिणगी उडत नाहीं.

एक प्रश्न त्याला बरेच दिवस छळीत होता: मूळ वस्तु काढून टाकणें म्हणजे जुन्याशीं प्रतारणा नव्हे काय? आमच्या मतें नव्हे. त्यानें मूळची एकही तार कापली नाहीं. डायनामो व त्याची नियंत्रक पेटी तेल लावून, कापडांत गुंडाळून माळ्यावर ठेविलीं, आणि प्रत्येक नव्या तारेचा रंग, जाडी व फ्यूज एका वहींत लिहून ठेविला. उद्यां कोणास गाडी मूळ रूपांत हवी असल्यास एका दिवसांत होईल. वाड्यांत विजेचे दिवे आले तेव्हां कोणी समया मोडींत काढल्या नाहींत. त्या देवघरांत राहिल्या. मुंबईच्या कुर्ल्यास घडलेल्या फियाट ज्यांच्या घरीं अजून आहेत, त्यांच्याही गाडींत भर घालतांना हाच हिशेब उपयोगी पडेल.

त्या वहीचें पहिलें पान भाच्यानें आम्हांस दाखविलें. डाव्या बाजूस जमा, उजव्या बाजूस खर्च, आणि खालीं शिल्लक: सात अँपियर. मुलीनें त्याखालीं पेन्सिलीनें लिहिलें होतें, “आतां बाबांनीं आणखी कांहीं लावूं नये.” गाडी पुन्हां रस्त्यावर आली त्या रात्रींही पाऊस होता, आणि मुलगी मागच्या आसनावर स्वस्थ झोंपली होती.