भीमा का रडला?

अण्णा भाऊ साठे यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा जो वाचतो तो थोडा वेळ गप्प बसतो आणि मग विचारतो, ‘यातून घ्यायचे काय?’ आम्हांसही तोच प्रश्न पडला. आटपाडीतील चार शेतकरी व कारागीर मंडळींस ती वाचून दाखविली, तरी गाठ सुटली नाही. म्हणून आम्हांस जे वाटले ते वाचक बंधुभगिनींपुढे ठेवितो.

कथा थोडक्यात अशी. भीमा अंगापिंडाने पहाडासारखा गडी. कामाच्या शोधात तो बायको व लाडकी लेक यांसह मुंबईच्या उपनगरात येतो आणि खाणीत खडक फोडू लागतो. एके दिवशी खाण बंद पडते. उपासमारीची चिंता लागली असता त्यास चितेच्या राखेत सोन्याची अंगठी सापडते. मग तो राख चाळू लागतो. पुढे पुरलेली मढीही उकरतो. एका रात्री श्रीमंताच्या मढ्यासाठी कोल्ह्यांशी त्याची झुंज होते आणि शेवटी त्या मढ्याच्याच दातखिळीत त्याची बोटे अडकतात. डॉक्टर ती बोटे कापतो. त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याची खबर येते आणि एवढा मोठा भीमा पोरासारखा रडतो.

कोणी म्हणाले, केल्या पापाचे फळ मिळाले. पुराण ऐकून आमच्या कानांस हीच सवय लागली आहे. परंतु तेवढेच सांगावयाचे असते तर बोटे तुटली तेथेच कथा संपली असती. खाण उघडल्याची खबर लेखकाने शेवटी कशाला आणिली? आमच्या मते सारी कथा त्या एका खबरेत आहे.

खाण कोणी बंद केली, कोणी उघडली? मालकास कथेत ना नाव, ना चेहरा. काम थांबविण्यापूर्वी भीमास कोणी पुसले नाही, सुरू करतानाही नाही. खाण मिटते, पण पोट मिटत नाही. मधल्या दिवसांत गरिबाने काय खावे, याचा जाब कोणीच देत नाही. आपण मात्र जाब मागतो तो भीमाकडे!

हे लिहिणारा माणूस आपल्याच जिल्ह्यातला. १९२० साली वाळवे तालुक्यातील वाटेगावी जन्मलेल्या अण्णा भाऊंनी लहानपणी बापाबरोबर पायी मुंबई गाठली आणि पुढे गिरणीत काम केले. हाताचे काम सुटणे म्हणजे काय, हे त्यांस कोणी शिकवावे लागले नाही.

आणि आम्हां माणदेशच्या लोकांस तरी कोठे शिकवावे लागते? १९७२ च्या दुष्काळात आमच्या वडीलधाऱ्यांनी दुष्काळी कामावर खडी फोडली. आटपाडी-खानापूरची पोरे गलाईच्या धंद्यासाठी मुलूख सोडून दूरदूरच्या शहरांत गेली. सोनाराच्या दुकानातला केरकचरा जाळून, धुऊन, तेजाबाच्या धुरात बसून ती सोने वेगळे काढतात. त्यांचा धंदा सचोटीचा, भीमाची वाट वेगळी. पण राखेतून पोट काढावे लागणे म्हणजे काय, हे आमच्या घरांस समजावून सांगावे लागत नाही.

अशी अमंगळ कथा मुलांस वाचावयास देऊ नये, असेही एका गृहस्थांनी सुचविले. आम्हांस उलट वाटते. मुलाने ती वाचावी आणि विचारावे की, भीमाचे काम थांबले त्या दिवसापासून त्याच्या घरात चूल कशी पेटावी, हे पाहणे कोणाचे काम होते?

मढी उकरणे चांगले, असे आम्ही म्हणत नाही. त्यांमागेही कोणाचे रडणारे घर असते. पण भीमा गेलेल्या सोन्यासाठी रडला नाही. ज्या हातांनी खडक फोडून तो ताठ मानेने भाकर खात होता, ते हात काम नसताना धड होते आणि काम आले त्या दिवशी निकामी झाले. त्याचे रडणे आहे ते याचे.

ज्यांस याहून निराळा अर्थ दिसत असेल त्यांनी तो अवश्य लिहून कळवावा. मात्र आधी कथा वाचावी, आणि घरात वाचणारे कोणी नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोरीकडून वाचून घ्यावी.