छतावरचा पाऊस: खर्च एकाचा, लाभ सर्वांचा

26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. डिसेंबर 2015 मध्ये चेन्नई आणि सप्टेंबर 2022 मध्ये बेंगळुरू जलमय झाले. प्रत्येक वेळी चर्चा झाली ती नाल्यांची, गाळाची व पंपांची. पाऊस नाल्यात पोहोचण्यापूर्वी जेथे पडतो, त्या छताचा विचार मात्र क्वचितच झाला.

मुंबईच्या जुन्या पर्जन्यजल वाहिन्यांची रचना ताशी 25 मिलिमीटर पावसासाठी होती. त्यातील निम्मे पाणी जमिनीत मुरेल, असेही त्यात गृहीत धरले होते. अंगणांच्या जागी सिमेंट व फरश्या आल्यावर ते गृहीतक उरले नाही. पुढे ‘ब्रिमस्टोवॅड’ प्रकल्पात ताशी 50 मिलिमीटरचे उद्दिष्ट ठरविण्यात आले. परंतु दाट वस्तीत वाहिन्या रुंद करण्यास जागा कोठून आणावयाची? सपाट छते मात्र शहरात जागोजागी आहेत.

साधा हिशेब पाहू. 500 चौरस मीटरच्या गच्चीवर 25 मिलिमीटर पाऊस पडला, तर 12,500 लिटर पाणी जमा होते. काँक्रीटची गच्ची ते जवळजवळ सर्वच लगोलग खाली सोडते. त्याच गच्चीवर जलरोधक थर, मुळांना अटकाव करणारा पडदा व निचऱ्याचा थर घालून त्यावर दहा सेंटिमीटर हलके मातीमिश्रण पसरले आणि काटक वनस्पती लावल्या, तर यातील बराच भाग तेथेच थोपविला जातो. काही पाणी बाष्परूपाने परत जाते, उरलेले सावकाश निथळते. सर्व खातेदार एकाच वेळी रक्कम काढावयास आले, तर भक्कम बँकेचीही ओढाताण होते. नाल्यांचेही तसेच आहे.

या उपायाच्या मर्यादाही स्पष्ट असाव्यात. माती एकदा पूर्ण भिजली की ती अधिक पाणी धरू शकत नाही. त्यामुळे 2005 सारखा प्रलय हिरव्या छतांनी टळणार नाही. त्यांचा खरा उपयोग दर पावसाळ्यात रस्ते तुंबविणाऱ्या लहान पण जोरदार सरींसाठी आहे. दुसरा प्रश्न वजनाचा. छतावर माती ही कल्पना आपल्याला नवी नाही; मराठवाड्यातील माळवदाची घरे सर्वांना परिचित आहेत. परंतु 1993 च्या किल्लारी भूकंपात मातीच्या जड छतांखाली किती जीव गेले, हेही आपण विसरता कामा नये. ओल्या मातीचा भार इमारत पेलेल काय, हे संरचना अभियंत्याने तपासल्याविना एक घमेलेही गच्चीवर चढवू नये. नव्या इमारतींत ही तरतूद आराखड्यातच करणे सर्वांत सोयीचे.

खरी अडचण निराळीच आहे. छत हिरवे करण्याचा खर्च वरच्या इमारतीने सोसावयाचा. गुडघाभर पाण्यातून सुटका होणार ती सखल भागातील कुटुंबांची व दुकानदारांची. ज्याचा लाभ सर्वांना, त्याचा भार एकट्यावर टाकणे न्याय्य नाही आणि व्यवहार्यही नाही. म्हणून महापालिकांनी अशा छतांना मालमत्ता करात ठोस सवलत द्यावी आणि मोठ्या नव्या इमारतींना त्यांची सक्ती करावी, असे आम्हास वाटते. स्वित्झर्लंडमधील बासेल शहराने 2002 मध्ये, तर कॅनडातील टोरंटोने 2009 मध्ये असे नियम केले. आपल्याकडेही तामिळनाडूने 2003 मध्ये इमारतींना पर्जन्यजल संकलन बंधनकारक करून कायदा छतापर्यंत पोहोचू शकतो, हे दाखवून दिले आहे.

आपल्या गृहनिर्माण संस्थेत गच्चीच्या गळतीचे काम निघेल, तेव्हा सर्वसाधारण सभेत हा विषय अवश्य मांडावा. जलरोधनाचा खर्च तेव्हा होणारच असतो. त्याच वेळी अभियंत्याकडून भाराची तपासणी करून घेणे फारसे अवघड नाही. स्वमालकीच्या इमारती असलेल्या बँकांनी व कार्यालयांनीही यात पुढाकार घ्यावा. आपल्या छतावरून घाईने सुटलेले पाणी अखेरीस कोणाच्या तरी उंबरठ्यातून आत शिरत असते, याचे भान प्रत्येक मालकाने ठेवावयास हवे.