मिनी ट्रॅक्टरचा जुगाड शेतात चालतो, कागदावर अडतो

सीमाभागात वेल्डिंगच्या दुकानातल्या अवजारांना मागणी. पण पत्ता लिहिला की जीएसटी, नाही लिहिला की अनुदान गेलं

निपाणी, चिकोडी, हुक्केरी असो की पलीकडे कागल, गडहिंग्लज, चंदगड. पेरणीच्या आणि ऊसभरणीच्या दिवसांत गावातल्या वेल्डिंगच्या दुकानासमोर मिनी ट्रॅक्टरची रांग लागलेली दिसते. कुणाला उसाच्या सरीत बसेल असा अरुंद कुळव हवा असतो. कुणाला जुनी बैलाची कुरी ट्रॅक्टरच्या लिफ्टला जोडून पाहिजे, तर कुणाला शेणखत भरायला पुढे बकेट लावायची असते. कंपनीचं अवजार तयार मिळतं, पण ते इथल्या सरीला, इथल्या काळ्या मातीला आणि शेतकऱ्याच्या खिशाला बसेलच असं नाही. मग अँगल, प्लेट, जुने फण गोळा करायचे आणि दुकानदाराला सांगायचं, ‘एवढं बसवून दे.’

हे काम नवं नाही. नवं आहे ते त्याचं प्रमाण आणि त्यातून उभे राहणारे प्रश्न.

ट्रॅक्टर लहान का झाला?

2015-16 च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा 1.34 हेक्टर, तर कर्नाटकात 1.36 हेक्टर. म्हणजे सीमेच्या अलीकडे काय आणि पलीकडे काय, सरासरी शेतकऱ्याकडे साडेतीन एकरांच्या आतच जमीन. त्यातही वाटण्या होऊन तुकडे पडलेले. अशा रानात 45-50 एचपीचा ट्रॅक्टर वळवायचा म्हटलं तरी बांध आडवा येतो. बैलजोडी सांभाळणं परवडत नाही. त्यामुळे 11 ते 25 एचपीच्या लहान ट्रॅक्टरला जागा मिळाली. महिंद्राचा युवराज, स्वराजचा कोड, बेंगळुरूच्या व्हीएसटीचा शक्ती, कुबोटाचा निओस्टार ही नावं आता गावोगाव ओळखीची झाली आहेत.

22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. ट्रॅक्टरचे टायर आणि ठरावीक सुटे भाग 18 वरून 5 टक्क्यांवर आले. करापूर्वी 5 लाख किंमत असलेल्या ट्रॅक्टरवर पूर्वी 60 हजार कर लागायचा, आता 25 हजार. वाचलेल्या 35 हजारांत बऱ्याच शेतकऱ्यांचं गणित पहिल्या दोन-तीन अवजारांचं असतं. आणि ती अवजारं गावातच बनवून घ्यायची असतात.

एका पत्त्यानं बदलणारा कर

खरी अडचण इथून सुरू होते. नांगर, कुळव, पेरणीयंत्र या अवजारांवरचा करही आता 5 टक्के आहे. पण ती ज्यापासून बनतात त्या लोखंडी अँगल-प्लेटवर 18 टक्के कायम आहे. मोठा कारखानदार जादा भरलेल्या कराचा परतावा मागू शकतो. गावातला वेल्डिंगवाला बहुतेक वेळा नोंदणीकृतच नसतो, कारण दोन्ही राज्यांत मालाच्या धंद्यासाठी वर्षाला 40 लाखांपर्यंतच्या उलाढालीला नोंदणीतून सूट आहे. त्यामुळे लोखंडावरचा 18 टक्के कर त्याच्या खर्चातच मिसळतो आणि शेवटी शेतकऱ्याच्या माथी येतो. दर कमी झाल्याचा फायदा सगळ्यात लहान कारागिराच्या अवजारापर्यंत पोचतच नाही.

सीमाभागात यापुढची एक गाठ आहे. 40 लाखांची ही सूट राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याला आहे. दुसऱ्या राज्यात माल विकला की पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची. 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झालेल्या बदलानुसार, ग्राहक नोंदणीकृत नसेल तर बिलावर त्याचा जो पत्ता लिहिला असेल, तिथेच माल विकला असं धरलं जातं. पत्ता लिहिला नाही, तर विक्रेत्याच्या ठिकाणी.

याचा अर्थ सरळ आहे. कागलचा शेतकरी कोगनोळी नाका ओलांडून निपाणीत आला, स्वतःच्या ट्रॅक्टरला कुळव जोडून परत घेऊन गेला, तरी बिलावर कागलचा पत्ता पडला की तो आंतरराज्य व्यवहार झाला. बिनानोंदणीचा दुकानदार हे ओझं कशाला घेईल? तो पत्ता टाळतो, नाहीतर साध्या चिठ्ठीवर काम भागवतो. ज्यांची सोयरीक, बाजार आणि कधीकधी शेतही दोन्ही बाजूंना आहे, त्यांना वीस-पंचवीस किलोमीटरच्या आतला हा व्यवहार परराज्यातला वाटतच नाही. कायद्याला मात्र वाटतो.

चिठ्ठीवर अनुदान नाही

पक्कं बिल नाही म्हटल्यावर अनुदानाचा विषय संपतो. केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात अवजारांवर साधारण 40 ते 50 टक्के अनुदान मिळतं. महाराष्ट्रात अर्ज महाडीबीटीवर करायचा, कर्नाटकात रयत संपर्क केंद्रातून, फ्रूट्स क्रमांक काढून. इकडे सातबारा, तिकडे पहाणीचा उतारा. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या बचत गटांना मिनी ट्रॅक्टर आणि अवजारांसाठी साडेतीन लाखांच्या मर्यादेत 90 टक्के अनुदानाची वेगळी योजना आहे.

पण या सगळ्यात अवजार मान्यताप्राप्त केंद्रात तपासलेलं आणि यादीतल्या उत्पादकाचं हवं. मध्य प्रदेशातल्या बुदनीची केंद्रीय संस्था अशा तपासणीसाठी देशभर ओळखली जाते. वर्षाला पंधरा-वीस कुळव बनवणारा कारागीर तिथवर जाणार नाही. म्हणून सरकारी पैसा तयार मालाकडे जातो आणि शेतकऱ्याला जे बसतं ते त्याला पूर्ण पैसे मोजून घ्यावं लागतं. बेळगावच्या उद्यमबाग-मच्छेतून हायड्रॉलिकचे पंप आणि व्हॉल्व्ह देशभर जातात, कोल्हापूरच्या फाउंड्रीतून वाहन उद्योगाला कास्टिंग जातं. कसबाची कमतरता नाही. लहान कारागिराला त्या तपासणीपर्यंत नेणारी वाट नाही.

कुठली दुरुस्ती चालते, कुठली नाही

दुसरा प्रश्न मोटार वाहन कायद्याचा. लिफ्टला अवजार जोडणं आणि ट्रॅक्टरच बदलणं यात फरक आहे. मोटार वाहन नियमांतल्या व्याख्येतच ट्रॅक्टर हा अवजारं जोडून काम करण्यासाठी आहे. त्यामुळे थ्री पॉइंटला लावून काढता येणारा कुळव, रिजर, कुरी यांचा प्रश्न सहसा येत नाही.

पण कायद्याचं कलम 52 म्हणतं, की नोंदणी पुस्तकातली माहिती कंपनीनं दिलेल्यापेक्षा वेगळी पडेल असा बदल मालकानं करू नये. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182 अ प्रमाणे अशा प्रत्येक बदलाला 5 हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. चासीला वेल्डिंग करून कायमचा सांगाडा बसवणं, वेगळ्या मापाचे टायर घालणं, मडगार्डवर जादा सीट बसवणं हे प्रकार यात अडकू शकतात. जबाबदारी मालकाची, दुकानदाराची चिठ्ठी तिथं कामाला येत नाही. अपघातानंतर विमा कंपनीही आधी हेच तपासते.

जीवाचा हिशेब

दंडापेक्षा मोठी गोष्ट सुरक्षेची. मिनी ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन साधारण 600 ते 900 किलो. त्याच्या पुढे बकेट लावून दोनशे किलो ओलं शेणखत उचललं, तर मागची चाकं हलकी होतात. ब्रेक असतो मागच्याच चाकांना. उतारावर बकेट वर धरून वळण घेतलं की ट्रॅक्टर कलंडायला वेळ लागत नाही. बकेट लावायचीच असेल तर मागे वजन बांधणं, मागच्या टायरमध्ये पाऊण भाग पाणी भरणं आणि चालताना बकेट जमिनीलगत ठेवणं, एवढं तरी पाहिजेच.

ओढायची साखळी किंवा दोर ड्रॉबारच्या वर, लिफ्टच्या दांड्याला किंवा टॉप लिंकच्या जागी बांधण्याची सवय अशीच घातक. ओढा वर गेला की पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर मागे चालकाच्या अंगावर येतो. उडी मारायलाही सवड मिळत नाही.

सगळ्यात दुर्लक्षित आहे पीटीओचा दांडा. तो मिनिटाला 540 फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला नऊ. घरगुती कुट्टीयंत्र किंवा पंप जोडताना त्यावरचं प्लॅस्टिकचं कव्हर ‘मध्ये येतं’ म्हणून काढून टाकलं जातं. लुगड्याचा पदर किंवा उपरणं एकदा त्यात गुंतलं की माणसाला सोडवता येत नाही. कुट्टीजवळ बहुतेक वेळा घरातल्या बायकाच उभ्या असतात, हे लक्षात घेतलं तर त्या कव्हरची किंमत कळते.

खानापूर-चंदगडच्या चढउतारावर बिनब्रेकची ट्रॉली मिनी ट्रॅक्टरला जोडणं हाही तसाच धोका. उतारावर ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते आणि ब्रेक अपुरा पडतो.

करता येण्यासारखं

कारागिरांनी एकेकट्यानं तपासणीच्या मागे लागण्यापेक्षा चार-पाच दुकानांनी मिळून एक कुळव, एक रिजर एवढाच आराखडा ठरवून तपासून घेतला, तर खर्च वाटला जाईल. शेतकरी उत्पादक कंपन्या यात पुढे येऊ शकतात. जीएसटीच्या बाबतीत सीमेलगतच्या तालुक्यांतल्या लहान कारागिरांना आंतरराज्य विक्रीत मर्यादित सूट मिळावी, ही मागणी दोन्ही बाजूंच्या व्यापारी संघटनांनी आणि लोकप्रतिनिधींनी जीएसटी परिषदेपर्यंत नेण्यासारखी आहे. हस्तकलेच्या वस्तूंना अशी सूट आधीपासून आहे.

तोपर्यंत शेतकऱ्याच्या हातात तीन गोष्टी आहेत. काढता येईल असंच अवजार बनवून घ्यावं, चासीला वेल्डिंग लावू देऊ नये. पीटीओचं कव्हर काढू नये, तुटलं असेल तर हंगामाआधी बदलावं. आणि अनुदान घ्यायचं असेल, तर दुकानात ऑर्डर देण्याआधी यादी पाहावी. काम झाल्यावर बिलासाठी धावून उपयोग होत नाही.