रक्ताची बाटली गावातच वाचते



‘हृदयाचे ऑपरेशन आहे, रक्ताची सोय करा’ असे सांगितले की घरच्यांची धावपळ सुरू होते. धाराशिव जिल्ह्यातल्या परंड्याचा किंवा उमरग्याचा रोगी अशा वेळी बहुधा सोलापूर, पुणे किंवा मुंबई गाठतो. परक्या शहरात रक्तदाते शोधायचे कुठे? रक्तदान हवेच. पण माझे म्हणणे असे, की बाटली मिळवण्याइतकेच ती लागू न देणेही महत्त्वाचे आहे. आणि ते काम गावातच, काही आठवडे आधी सुरू व्हायला हवे.

असे का, ते पाहू. हृदय उघडून दुरुस्त करताना बहुधा ते थांबवावे लागते. तेवढा वेळ त्याचे काम हृदय-फुफ्फुस यंत्र करते. अमेरिकेतील डॉ. जॉन गिबन यांनी 1953 साली ते प्रथम यशस्वीपणे वापरले. यंत्राच्या नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून रोग्याला हेपारिन देतात आणि काम संपल्यावर प्रोटॅमिनने त्याचा परिणाम घालवतात. तरीही यंत्रातून फिरताना रक्तबिंबिका, म्हणजे रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या सूक्ष्म कणिका, दुबळ्या होतात. मग रक्तस्राव आवरण्यासाठी ट्रॅनेक्झॅमिक आम्ल देतात. सांडलेले रक्त गोळा करून, धुऊन, त्याच रोग्याला परत देणारे यंत्रही असते.

आता थोडे गणित करू. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे 5 लिटर रक्त असते. यंत्राच्या नळ्या आधी द्रवाने भराव्या लागतात. तो दीड लिटर धरू. दोन्ही मिसळले की रक्त पातळ होते. ज्याचे हीमोग्लोबिन 100 मिलिलिटरला 13 ग्रॅम आहे, त्याचे 10 वर येते. ज्याचे 9 आहे, त्याचे 7 च्याही खाली जाते. हा ठोकळ हिशेब आहे. पण पाहा, थेंबभर रक्त सांडण्यापूर्वीच दुसऱ्याला बाटलीची गरज पडली!

बाटली केव्हा द्यावी, यावर सुमारे 5,000 हृदयरोग्यांचा एक मोठा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. हीमोग्लोबिन 9.5 च्या खाली जाताच रक्त देण्याऐवजी 7.5 पर्यंत थांबले, तरी रोग्यांचे नुकसान वाढले नाही आणि रक्त कमी लागले. म्हणजे 13 घेऊन आलेला रोगी कदाचित बाटलीवाचूनच घरी जाईल.

काहींच्या बाबतीत तर बाटली सहजी मिळतच नाही. मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 1952 साली ‘बॉम्बे रक्तगट’ शोधला. या गटाच्या माणसाला ओ गटाचेही रक्त चालत नाही. त्याच गटाचा दाता लागतो. त्याचे स्वतःचे रक्त वाचवणे हाच शहाणपणा.

तुम्ही म्हणाल, तातडीच्या शस्त्रक्रियेत एवढा वेळ कुठला? खरे आहे. शिवाय प्रत्येक रक्तक्षय लोहाच्या अभावाने होतो असेही नाही. कारण डॉक्टरांनीच शोधायला हवे. पण ज्या शस्त्रक्रियेची तारीख आधी ठरते, तिथे प्राथमिक आरोग्य केंद्रात हीमोग्लोबिन तपासून उपचार सुरू करता येतात. रोग्याला शहराकडे पाठवणाऱ्या चिठ्ठीवर हा आकडा असलाच पाहिजे, असा आग्रह आपण धरावा.

रक्तदानासाठी वयाची 18 वर्षे पूर्ण लागतात. म्हणून तुमच्यापैकी बहुतेकांना आज रक्त देता येणार नाही. मात्र शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी तुमच्याच हातात असते. 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. उद्या यांतल्याच कोणाला शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागेल. तेव्हा ती गोळी खिडकीबाहेर फेकू नका, जेवणानंतर घ्या. आणि शिक्षकहो, ती नुसती वाटू नका. ती कशासाठी, हे वरचे गणित फळ्यावर मांडून समजावून सांगा.