हिवाळ्याचा निबंध खिडकीत उगवू द्या



दिवाळीची सुट्टी संपून दुसरं सत्र सुरू झालं की घराघरांत मोबाईलवर शोध सुरू होतो: 'हिवाळा निबंध मराठी, दहा ओळी'. सापडतो तोही ठरलेला. धुक्याची चादर, गुलाबी थंडी, शेकोटी. हल्ली सोबत एक चित्रही असतं. बाहेर बर्फ पडतोय आणि खिडकीतल्या कुंडीत ट्युलिप फुललेत. मुलं ते वहीत उतरवतात, आपण खाली 'छान' असा शेरा देतो. बारामती-इंदापुरातल्या मुलाने यंदाच्या हिवाळ्यात स्वतः काय पाहिलं, ते मात्र त्या दहा ओळींत कुठेच नसतं.

माझं म्हणणं सरळ आहे. हा निबंध डिसेंबरात लिहून घेऊच नका. नोव्हेंबरात वर्गाच्या खिडकीत कंद लावा आणि निबंध फेब्रुवारीत मागा.

थंडीत घरात कंद फुलवायची रीत थंड देशांतली. बाहेर सगळं पांढरं, म्हणून आत रंग. ट्युलिपच्या कंदाला फुलण्याआधी साधारण तीन-चार महिने चांगली थंडी लागते, १० अंशांच्या खालची. ती मिळाली नाही तर दांडा नीट वर येत नाही. म्हणून तर आपल्या देशातली मोठी ट्युलिप बाग श्रीनगरला, दल सरोवराजवळ आहे. ती फुलते मार्च-एप्रिलमध्ये. आपल्याकडे पहाटे गारठा असला तरी मधल्या सुट्टीत मुलं स्वेटर कमरेला बांधून पळत असतात. तेव्हा ऑनलाईन जाहिरात बघून कुणी ट्युलिपचे कंद मागवू नका, पैसे वाया जातील.

मुलांना सांगण्यासारखी खरी गोष्ट वेगळीच आहे. कंद म्हणजे झाडाने वाईट दिवसांसाठी बांधून ठेवलेली शिदोरी. तिकडे वाईट दिवस बर्फाचे, आपल्याकडे उन्हाळ्याचे. कळलावीचा कंद जमिनीत उन्हाळा काढतो आणि पावसाळ्यात फुलतो. बंगल्याबंगल्यांतून दिसणारी मे फ्लॉवर, म्हणजे फुटबॉल लिली, थंडीभर झोपलेली असते आणि वळवाच्या सुमारास तिचा लाल गोळा वर येतो. आपली गुलछडीही थंडीत मंदावते. पर्जन्यछायेतल्या आपल्या दोन तालुक्यांत पाण्याची वाट बघणं म्हणजे काय हे मुलांना वेगळं शिकवावं लागत नाही. झाडही तेच करतं, एवढंच दाखवायचं.

मग थंडीत खिडकीत काय लावायचं? पहिला मान कांद्याचा. उन्हाळ्यात चाळीत भरलेल्या कांद्याला दिवाळीच्या आसपास कोंब येऊ लागतात. आई तो बाजूला टाकते, तोच शाळेत मागवा. खर्च शून्य. रुंद तोंडाच्या बाटलीवर कांदा असा बसवा की पाणी फक्त बुडाला टेकेल. बुडाला जास्त पाणी लागलं तर कांदा सडतो आणि वर्गात बसवत नाही! पाणी दोन-तीन दिवसांनी बदला. आठवड्याभरात पांढरी मुळं दिसतात. दर सोमवारी पात पट्टीने मोजायची आणि तक्त्यावर लिहायची. आपल्याकडे बोअरचं पाणी बरंच क्षाराचं असतं. एक कांदा बोअरच्या पाण्यावर आणि एक जारच्या पाण्यावर ठेवला तर चौथीच्या मुलांना एक पूर्ण प्रयोग मिळतो.

एक कांदा उभा कापून दाखवाच. 'कांदा हे खोड आहे' असं पाठ करून घेतलं जातं, ते अर्धंच खरं आहे. खोड म्हणजे तळाची ती छोटी चकती. आपण खातो ते सगळे थर पानांचे.

पाण्यावरच्या कांद्याला पातच येते, फुलाची आशा ठेवू नका. दोन-तीन कांदे मातीत, भरपूर उन्हात लावले तर पुढे डेंगळा वर येतो आणि त्यावर पांढरा गोंडा फुलतो. शेतकऱ्याला विक्रीच्या कांद्यात डेंगळा नको असतो, बियाण्याला तोच हवा असतो. घरी आजोबांना विचारून या म्हटलं की मुलं जी माहिती आणतात, ती गाईडमध्ये नसते.

रंगासाठी ग्लॅडिओलस. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने त्याचे फुले गणेश, फुले प्रेरणा असे वाण दिलेत. कंद नर्सरीत चौकशी करून मिळतात. जानेवारीत बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रावर कृषिक प्रदर्शन भरतं, तिथे सहल जातेच, तेव्हा पुढच्या वर्षासाठी विचारून ठेवा. कंद दोन-अडीच इंच खोल लावायचा, ऊन येणाऱ्या खिडकीत किंवा व्हरांड्यात ठेवायचा आणि दांड्याला काठीचा आधार द्यायचा. जातीनुसार ७० ते ९० दिवसांत फुलं येतात. एक काळजी घ्या: कांदा-लसूण सोडून कुठलाही कंद मुलांनी तोंडात घालायचा नाही. बरेच विषारी असतात, कळलावीचा तर नक्कीच.

हे ७० ते ९० दिवस मला फार महत्त्वाचे वाटतात. आपल्याकडे कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोड कुटुंबं येतात, कोप्या उभ्या राहतात. त्यांची मुलं कुणाच्या तरी वर्गात मागच्या बाकावर येऊन बसतात आणि पट्टा पडला की निघून जातात. जूनमध्ये लावलेली परसबाग त्यांनी लावलेली नसते, वृक्षारोपणाच्या फोटोत ती नसतात. नोव्हेंबरअखेर लावलेला कंद मात्र त्यांच्यासमोर उगवतो आणि बहुधा त्यांच्यासमोरच फुलतो. शाळेत सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलेली, स्वतःची म्हणता येईल अशी गोष्ट त्यांना एरवी कुठे मिळते? निबंधही मग त्यांना बाकीच्यांच्या बरोबरीने लिहिता येतो.

'अभ्यासक्रम कधी संपवायचा?' हा प्रश्न स्टाफरूममध्ये येणारच. आनंददायी शनिवार आहे. मोजणं, तक्ता वाचणं, दोन वाक्यं स्वतः लिहिणं हे निपुणमध्ये हवंच आहे. वेगळा तास लागत नाही. आणि लेखनाचं म्हणाल तर तिसरीतल्या एका मुलीने लिहिलं होतं, "पात खिडकीकडे वाकली. मी बाटली फिरवली. ती परत खिडकीकडे वाकली." धुक्याची चादर दहा वेळा वाचून मी या तीन वाक्यांना जास्त गुण देईन. पालकांनो, असं लेखन वहीत दिसलं तर 'हे काय, अलंकार कुठे आहेत?' म्हणून खोडू नका.

फूल वाळलं की ग्लॅडिओलस लगेच उपटायचा नाही. पानं पिवळी पडेपर्यंत दीड-दोन महिने खाली नवा कंद भरत असतो. म्हणून कुंडीऐवजी नर्सरीच्या काळ्या पिशवीत लावा. मार्चमध्ये ज्याला गावी जायचं आहे, त्याला आपली पिशवी उचलून ट्रॅक्टरमध्ये ठेवता येते.