पायवाट कोणाची, वारसा कोणाचा?

नदीकाठाने ‘वारसा-पायवाट’ आखावी, तिच्यावर ठिकठिकाणी माहितीचे फलक उभारावेत आणि शहरातील माणसांना पायी हिंडवून आणावे, ही कल्पना अलीकडे वारंवार मांडली जाते. कल्पना म्हणून तिच्यात वावगे काही नाही. मोटारीतून धावणाऱ्यापेक्षा पायी चालणाऱ्याला देश अधिक कळतो, हे पदयात्रांच्या परंपरेत वाढलेल्या कार्यकर्त्यांना सांगावयास नको. परंतु वारसा कशाला म्हणावयाचे हे कोण ठरविणार आणि त्या वाटेवर अधिकार कोणाचा चालणार, हे दोन प्रश्न आधी सोडवावे लागतील. कर्जत-खालापूरच्या वाड्यांपुरता तरी हा विषय सौंदर्यदृष्टीचा नसून अर्थशास्त्राचा आहे.

उल्हास नदीचे खोरेच उदाहरणादाखल घेऊ. बोरघाटाच्या उत्तरेकडील घळींत उगम पावून ही नदी राजमाचीच्या पायथ्याने कर्जतकडे उतरते. कर्जतहून कोंदिवड्यावरून कोंडाणे लेण्यांकडे आणि पुढे राजमाचीकडे जाणारी वाट आजही चालती आहे. ती आराखड्यातून जन्मलेली नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनवाणी पावलांनी ती पाडली आणि राखली. या वाटेवरील बौद्ध लेणी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. तेथील ब्राह्मी लेखात, कण्हाचा शिष्य बालक याने हे घडविले, अशी नोंद आहे. घडविणाऱ्या हातांचे नाव दगडावर टिकावे, ही आपल्या इतिहासातील दुर्मीळ गोष्ट होय.

आता नजर घाटाकडे न्यावी. पळसदरी, जांबरुंग, ठाकुरवाडी, नागनाथ असे टप्पे घेत लोहमार्ग वर चढतो. 1856 मध्ये सुरू होऊन 1863 मध्ये पुरा झालेल्या या घाटात 25 बोगदे खोदावे लागले. 1861 साली येथे 42 हजारांवर मजूर राबत होते. पटकीने आणि अपघातांनी ते हजारोंच्या संख्येने मेले. मजुरी थकली म्हणून जानेवारी 1859 मध्ये त्यांनी बंडही केले. अभियंत्यांची आणि ठेकेदारांची नावे ग्रंथांत राहिली. मेलेल्या मजुरांची नावे कोणी टिपून ठेवली नाहीत. बालकाच्या वाट्याला जे आले, ते त्यांच्या वाट्याला आले नाही.

याच परिसराने 1942 च्या लढ्यात ‘आझाद दस्ता’ पाहिला. मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडणारे माथेरानचे भाई कोतवाल आणि कर्जत तालुक्यातील हिराजी पाटील यांना 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर वीरमरण आले. म्हणजे लेणी आणि किल्ला यांच्याइतकाच श्रमाचा आणि प्रतिकाराचा वारसाही या डोंगरांत आहे. फलकांवर पहिल्याच दोहोंना जागा मिळाली, तर तो निम्मा वारसा ठरेल.

दुसरा प्रश्न उत्पन्नाचा. पर्यटन आले की स्थानिकांना रोजगार मिळतो, हे विधान ऐकावयास गोड आहे. शेजारच्या माथेरानमध्ये 1850 पासून पर्यटन आहे. पावणेदोनशे वर्षांच्या या समृद्धीनंतर तेथे माणसाने माणसाला हातरिक्षात बसवून ओढण्याचा धंदा शिल्लक होता आणि तो सहा महिन्यांत बंद करा, असे ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. पर्यटनाने रोजगार निर्माण होतो, यात शंका नाही. परंतु जमीन, जागा आणि परवाने ज्यांच्या हाती, त्यांच्याकडे नफा जातो आणि बाकीच्यांच्या वाट्याला ओझे येते. ठाकर आणि कातकरी कुटुंबांजवळ या तिन्हींपैकी काय आहे? करवंदे-जांभळांची पाटी घेऊन स्टेशनावर बसणे, नाहीतर दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जाणे, एवढेच पर्याय अनेकांपुढे असतात.

म्हणून पायवाटेचा प्रश्न अखेर मालकीशी येऊन ठेपतो. 1932 साली मँचेस्टरकडील कामगार तरुणांनी किंडर स्काउट या खाजगी माळावर सामुदायिक प्रवेश केला. पाच जण तुरुंगात गेले. पण चालण्याच्या हक्काची ती मागणी पुढे 1949 च्या ब्रिटिश कायद्यापर्यंत पोहोचली. आमच्याकडे उलट चालले आहे. फार्महाऊसांची कुंपणे नदीच्या काठाला भिडत आहेत. ज्या पाणवठ्यावर गुरे उतरत, वळगणीचे मासे धरले जात, तेथे आता फाटक दिसते.

येथे कायद्याची स्थितीही ध्यानात घ्यावी. रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही. त्यामुळे ‘पेसा’चे अधिकार या वाड्यांना मिळत नाहीत. मात्र 2006 चा वनहक्क कायदा येथे लागू आहे. त्यात सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण व व्यवस्थापन आणि पाण्यातील मासळीचा उपभोग हे हक्क आहेत. ग्रामसभेला हे पेलणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी गडचिरोलीतील मेंढा (लेखा) पाहावे. 2009 साली सामूहिक वनहक्क मिळविलेल्या त्या गावाने पुढे आपला बांबू आपल्या अधिकारात विकून दाखविला.

इर्शाळवाडीचाही विसर पडता कामा नये. खालापूर तालुक्यातील ही ठाकर वाडी इर्शाळगडावर जाणाऱ्या गिर्यारोहकांना चांगली ठाऊक होती. दरडप्रवण गावांच्या यादीत मात्र तिचे नाव नव्हते. 19 जुलै 2023 च्या रात्री दरड कोसळली. 27 मृतदेह मिळाले आणि 57 माणसांचा शोध थांबवावा लागला. वाडी पाहुण्यांच्या माहितीची आणि शासनाच्या विस्मरणातली, ही विकासाची रीत पायवाटेनेही चालवू नये.

तेव्हा पायवाट अवश्य व्हावी, पण काही अटींवर. पहिला फलक लागण्यापूर्वी वाटेवरील वाड्यांचे सामूहिक वनहक्काचे दावे निकाली निघावेत. वाटेचे शुल्क ग्रामसभेच्या खात्यात जमा व्हावे आणि वाटाड्याला किमान वेतनाहून कमी मिळू नये. पायऱ्या, बांध आणि पाणवठे ही कामे ठेकेदाराला न देता 1977 च्या रोजगार हमी कायद्याच्या तत्त्वाने स्थानिक हातांना द्यावीत. काठ सर्वांना खुला राहावा. पावसाळ्यात वाट केव्हा बंद ठेवावयाची, हे वाडीने ठरवावे. आणि ठाकुरवाडीच्या खाली एक फलक घाटातील अनाम मजुरांचा असावा.

या अटी मान्य करून घेणे हे सरकारी सद्‌बुद्धीवर सोपवून चालणार नाही. कर्जत आणि खालापूरच्या कार्यकर्त्यांनी आजच वाड्यांवर जाऊन दाव्यांचे अर्ज, नकाशे आणि ग्रामसभेचे ठराव तयार करावयास हवेत. आराखडा येईल तेव्हा हक्काचा कागद वाडीच्या हाती असला पाहिजे. नाहीतर ज्यांनी वाट पाडली त्यांनाच तिच्यावर तिकीट काढावे लागेल.