शाळेचा कर आणि शाळेचें दार

अमेरिकेंतील शाळांची गोष्ट निघाली कीं आपल्या पेठांतून एकच उत्तर ऐकूं येतें: तो देश श्रीमंत, त्यानें शाळा काढल्या यांत नवल तें काय? हें उत्तर सोयीचें आहे, पण खरें नाहीं. मॅसॅच्युसेट्सची वसाहत अद्याप जंगल तोडून वसत होती, तेव्हांच, १६४७ सालीं, तेथील कायदेमंडळानें ठरविलें कीं, पन्नास कुटुंबांच्या गांवानें लिहिणेंवाचणें शिकविणारा एक पंतोजी ठेवावा व शंभर कुटुंबांच्या गांवानें लॅटिनची शाळा चालवावी. हेतु धार्मिक होता. प्रत्येकास बायबल वाचतां यावें म्हणून हा खटाटोप. मात्र पंतोजीचा पगार पालकांनीं द्यावा कीं सगळ्या गांवानें, हें गांवावरच सोपविलें होतें. ह्या एका प्रश्नाचा निकाल लागावयास पुढें दोनशें वर्षें लागलीं.

पेनसिल्व्हेनिया संस्थानांत १८०९ च्या कायद्यानें फुकट शिक्षण मिळे, परंतु तें बापानें आपण कंगाल असल्याची नोंद करविल्यावर. स्वाभिमानी गरिबांस ही नामुष्की सोसेना. १८३४ सालीं कर बसवून सर्वांस खुल्या शाळा काढण्याचा कायदा झाला, आणि करदात्यांनीं एकच गिल्ला केला: ज्याला शाळेंत धाडावयास मूल नाहीं त्यानें परक्याच्या पोराचे पैसे कां भरावे? १८३५ सालीं कायदा रद्द होण्याच्या बेतांत असतां थॅडियस स्टीव्हन्स यांनीं सभागृहांत उत्तर दिलें: सधन शेतकरी फौजदारी कोर्टाचा व तुरुंगाचा कर भरतोच ना? त्यांचा त्याला स्वतःला कधीं उपयोग पडतो काय? कायदा वांचला.

आमच्या व्यापारी वाचकांनीं होरेस मॅन यांचा युक्तिवादही ध्यानांत घ्यावा. १८३७ पासून ते मॅसॅच्युसेट्सच्या शिक्षणमंडळाचे चिटणीस होते. कारखानदारांकडे विचारणा करून त्यांनीं १८४१ च्या अहवालांत मांडलें कीं, शिकलेल्या मजुराच्या हातून अधिक व चांगलें काम होतें. १८५२ सालीं ह्याच संस्थानानें शाळेंत जाणें सक्तीचें केलें. सर्वांच्या शेवटीं, १९१८ सालीं, मिसिसिपी त्या वाटेस आलें.

एवढ्यावरून कोणी अमेरिकेची आरती ओवाळूं नये. कर सर्वांचा झाला, तरी दार सर्वांचें झालें नव्हतें. दक्षिणेंतील कित्येक संस्थानांत गुलामांस अक्षर शिकविणें गुन्हा होता, आणि १८६५ सालीं गुलामगिरी गेल्यावरही काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या व हलक्या राहिल्या. १९५४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हा भेद बेकायदा ठरविला. तेव्हां व्हर्जिनियांतील प्रिन्स एडवर्ड परगण्यानें काय करावें? १९५९ सालीं त्यानें शाळांसाठीं कर बसविणेंच सोडलें व सार्वजनिक शाळांस कुलपें ठोकलीं. गोऱ्या मुलांसाठीं खासगी शाळा उभी राहिली; काळ्या मुलांपैकीं बहुतेकांचीं कित्येक वर्षें बुडालीं. १९६४ सालीं न्यायालयाच्या निकालानें दारें उघडलीं. शेजाऱ्याचें मूल आपल्या मुलाजवळ बसूं नये म्हणून लोकांनीं शाळाच मोडली!

ही वृत्ति आजही निराळ्या रूपानें नांदते. तेथें शाळांच्या खर्चाचा मोठा भाग स्थानिक घरजमिनींवरील करांतून निघतो. म्हणून श्रीमंत वस्तीची शाळा श्रीमंत होते. १९७३ सालीं टेक्ससमधील दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं ही पद्धत घटनेविरुद्ध नसल्याचा निर्णय दिला. संस्थानांच्या तिजोरींतून मदत मिळते, तरी अंतर पुरतें बुजलेलें नाहीं.

जोतीराव फुले यांनीं 'गुलामगिरी' हें पुस्तक १८७३ सालीं, गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांस अर्पण केलें. तेच जोतीराव १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें सांगत होते कीं, कर कष्टकरी रयत भरते व शिक्षणाचा लाभ वरिष्ठ वर्गास मिळतो. तेव्हां कर आणि दार यांचा हा हिशेब आम्हांस परका नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, कर भरून कर्तव्य संपलें असें मानणारा गृहस्थ अर्धाच नागरिक होय. ज्या नगरपालिकेच्या शाळेसाठीं आपण पैसा देतों, तिच्या बांकावर आपलें मूल बसविण्याची ज्यास लाज वाटते, त्यानें आधीं ती लाज तपासावी. शाळा सुधारण्याचा खरा आरंभ तेथूनच होईल.